पारपत्र आणि प्रहसन : मार्क्स बंधूंच्या दोन चित्रपटांतील स्थलांतरित (१९३१-१९३५)

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हणून शासकीय दस्तऐवज, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे यांना जे स्थान मिळते, ते विनोदी चित्रपटाला सहसा दिले जात नाही. निव्वळ करमणुकीसाठी काढलेला चित्रपट अभ्यासकांना दुय्यम वाटतो. तथापि एखाद्या समाजाला कशाची धास्ती होती, हे तो समाज कशाला हसत होता यावरूनही उमगते. प्रस्तुत लेखात मार्क्स बंधूंच्या 'मंकी बिझनेस' (१९३१) आणि 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' (१९३५) या दोन अमेरिकन चित्रपटांचा तत्कालीन स्थलांतरविषयक कायद्यांच्या संदर्भात विचार केला आहे. दोन्ही चित्रपटांत जहाजात चोरून शिरलेले प्रवासी दुसऱ्याच्याच नावावर अमेरिकेत उतरू पाहतात. तोतयेपणा ही प्रहसनाची जुनीच युक्ती होय. परंतु येथे तिच्यातून माणसाची ओळख कागदाच्या स्वाधीन होत गेल्याचा इतिहास दिसतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मार्क्स बंधूंचे वडील अल्सास प्रांतातून, तर आई उत्तर जर्मनीतील डोर्नुम या गावातून १८८० च्या सुमारास न्यूयॉर्कला आली. दोघेही ज्यू होते. त्या काळी युरोपातून अमेरिकेत येणाऱ्यास व्हिसा लागत नसे. १८९२ मध्ये एलिस बेटावर तपासणी केंद्र सुरू झाले. तेथेही मुख्यतः प्रकृती, चारित्र्य आणि पोट भरण्याची कुवत पाहिली जाई. १९०७ या एकाच वर्षी सुमारे १० लाख लोक या केंद्रातून अमेरिकेत दाखल झाले.

१९१७ मध्ये साक्षरतेची अट आली. त्याच वर्षी चार्ली चॅप्लिनचा 'दि इमिग्रंट' प्रदर्शित झाला. त्यात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसताच जहाजावरील प्रवाशांना दोरीने अडवले जाते. १९२१ च्या कायद्याने देशनिहाय कोटा ठरवला. १९२४ च्या कायद्याने तो आणखी आवळला आणि १८९० च्या जनगणनेतील त्या त्या देशात जन्मलेल्या रहिवाशांच्या संख्येच्या २ टक्के ही मर्यादा घातली. इटलीचा वार्षिक कोटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला. आता प्रवेशाचा निर्णय बंदरावर येण्यापूर्वीच, परदेशातील अमेरिकन वकिलातीत होऊ लागला. १९२९ मध्ये बेकायदा प्रवेश हा फौजदारी गुन्हा ठरला. १९३० च्या सप्टेंबरमध्ये, मंदीच्या छायेत, सरकारवर भार होण्याची शक्यता असलेल्यांना व्हिसा नाकारण्याचे धोरण कडक करण्यात आले. परिणामी १९३० मध्ये सुमारे २ लाख ४१ हजार असलेली स्थलांतरितांची संख्या १९३१ मध्ये सुमारे ९७ हजारांवर आली.

एक पारपत्र, चार माणसे

या धोरणानंतर वर्षभरात, १९३१ च्या सप्टेंबरमध्ये, 'मंकी बिझनेस' पडद्यावर आला. नॉर्मन मॅकलिऑड यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात चौघे बंधू खारवलेल्या माशांच्या पिंपांत लपून अमेरिकेला निघतात. बंदरावर पारपत्र दाखवणे अटळ होते, तेव्हा ते मॉरिस शेव्हालिए या फ्रेंच गायक-नटाचे पारपत्र पळवतात. चौघेही एकामागून एक तेच पारपत्र अधिकाऱ्यांपुढे ठेवतात आणि आपणच शेव्हालिए असल्याचे पटवण्यासाठी त्याचे गाणे म्हणतात. मुका हार्पो तर पाठीवर ग्रामोफोन बांधून येतो. त्याची चावी उतरते, आवाज घरंगळतो आणि सोंग उघडे पडते. पुढे तो टेबलावरील शिक्के उचलून कागदांप्रमाणेच माणसांवरही ठसे उमटवू लागतो.

या प्रसंगातील हास्याचा रोख अधिकाऱ्यांच्या व्यक्तिगत मूर्खपणावर नाही. समोर उभ्या माणसापेक्षा हातातील कागद अधिक खरा मानणारी व्यवस्था येथे हास्याचा विषय होते. चॅप्लिनच्या चित्रपटात स्थलांतरितास दोरी अडवते. चौदा वर्षांनी ते काम कागद करतो.

दाढी आणि स्वागतसमारंभ

सॅम वुड दिग्दर्शित 'अ नाइट ॲट दि ऑपेरा'मध्ये फिओरेलो, तोमासो आणि रिकार्डो हे तिघे लपून आलेले प्रवासी खोट्या दाढ्या लावून तीन प्रसिद्ध वैमानिकांचे सोंग घेतात. न्यूयॉर्कच्या नगरभवनात त्यांचा सत्कार होतो. भाषणाची पाळी येताच तोमासो झालेला हार्पो पेल्यामागून पेले पाणी पीत राहतो आणि अखेर त्याची दाढी सुटू लागते. जहाजाच्या खालच्या वर्गातील इटालियन प्रवाशांचे गाणे-बजावणे व भोजन चित्रपटात मोठ्या आपुलकीने दाखवले आहे. प्रत्यक्षात १९३५ मध्ये इटलीचा कोटा ५,८०२ एवढाच होता. पडद्यावरील ती गर्दी कायद्याने केव्हाच पांगवली होती. त्या वेळचे न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया हे इटालियन स्थलांतरिताचे पुत्र होते. तरुणपणी त्यांनी एलिस बेटावर दुभाष्याचे काम केले होते आणि काँग्रेसचे सदस्य असताना १९२४ च्या कायद्याला विरोधही केला होता.

हास्याची मर्यादा

मात्र हा खेळ सर्वांना खुला नव्हता. चिको हा ज्यू नट आयुष्यभर इटालियन स्थलांतरिताचे सोंग वठवू शकला, ग्राउचो महायुद्धाच्या काळात आपली जर्मन ढब टाकून देऊ शकला. कारण युरोपीय माणसाला सोंग बदलण्याची मुभा होती. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले होते. भगतसिंग थिंड यांनी अमेरिकन सैन्यात सेवा केली होती आणि १९२० मध्ये त्यांना नागरिकत्वही मिळाले होते. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत असा निकाल दिला, आणि त्यानंतर इतर भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्याच्या कारवाया झाल्या. चित्रपटातील कागद खोटा असूनही माणसे देशात पोहोचतात. थिंड यांचा कागद खरा होता, तरी माणूस नाकारला गेला. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला केवळ १०० जणांचा कोटा मिळण्यास १९४६ साल उजाडावे लागले. राष्ट्रनिहाय कोटापद्धती १९६५ च्या कायद्याने संपुष्टात आणली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, या दोन चित्रपटांतील तोतयेपणाला १९२१ ते १९३० या दशकातील कायद्यांचा ठोस संदर्भ आहे. ज्यांचे आईवडील व्हिसाशिवाय आले, त्या मुलांनी पारपत्राची थट्टा केली, आणि दार बंद झाल्यावरच ती करावीशी वाटली, हे लक्षणीय आहे. तथापि ती थट्टा दाराच्या आतील माणसांची होती. विनोदी चित्रपट इतिहासाचे साधन म्हणून वाचताना पडद्यावर कोण हसवतो याइतकेच, त्या जहाजावर चढण्याचीही मुभा कोणाला नव्हती, हे तपासणे अगत्याचे ठरते.