पतनाचे मोल

आकाशगमनाचा इतिहास लिहिणारे बहुधा उंची, वेग आणि अंतर या तीन मापांनी तो लिहितात, आणि माणसे वाहून नेणाऱ्या विमानांच्या बाबतीत ती मापे यथायोग्यही आहेत; परंतु जमिनीवर उभे राहून रेडिओलहरींच्या साहाय्याने ज्यांना आकाशात कोलांट्या घ्यावयास लावतात, त्या छोट्या कसरती विमानांचा पूर्ववृत्तांत पाहू लागले म्हणजे या तिहींहून निराळे असे एक चौथे माप अधिक उपयोगी पडते. ते माप म्हणजे विमान कोसळले असता त्याच्या धन्याला सोसावा लागणारा भुर्दंड. हा भुर्दंड ज्या काळी जबर होता, त्या काळी ही कला थोड्या धीराच्या, बऱ्यापैकी पैशाच्या आणि पुष्कळ सवडीच्या लोकांची मिरास होऊन राहिली. आणि दिसावयास अगदी सामान्य अशा फोम नावाच्या पदार्थाने तो क्षुल्लक केला, तेव्हा तिच्या तंत्राबरोबर तिचा स्वभावही पालटला.

या वंशाचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव घ्यावे तो आल्फोन्स पेनो हा फ्रेंच तरुण होय. 1871 सालच्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या तुइलरी उद्यानात त्याने पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे आपले ‘प्लॅनोफोर’ हवेत सोडले, आणि ते 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर अंतर कापून, कोणाच्याही हाताचे साहाय्य नसता, आपला तोल आपणच सांभाळीत पुढे गेले. सुटलेल्या विमानावर माणसाचा कोणताही अंमल चालत नसल्यामुळे ते स्वभावतःच स्थिर असले पाहिजे, हा पेनोचा सिद्धांत पुढे कित्येक दशके छोट्या विमानांच्या रचनेत प्रमाण मानला गेला. कसरती विमानाचा जन्म व्हावयाचा तर हे स्थैर्यच सोडावे लागणार होते, कारण जे विमान आपोआप सरळ होते ते उलटे उडण्यास राजी नसते. आणि स्थैर्य सोडावयाचे तर वाऱ्यातल्या विमानापर्यंत क्षणोक्षणी पोहोचणारा कोणता तरी अदृश्य हात हवा होता.

तो हात रेडिओने दिला. अमेरिकेतील मिशिगन संस्थानात कॅलॅमझू येथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी 1937 साली ‘गफ’ नावाचे, सुमारे 8 फूट पंखविस्ताराचे विमान रेडिओच्या आज्ञेत उडविले. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात सुरक्षित आहे. त्या काळची यंत्रणा म्हणजे निर्वात नळ्या, जड बॅटऱ्या आणि बटण दाबले की रबराच्या पिळाने एक टप्पा पुढे सरकणारी एक खटकी एवढीच असे. एकदा दाबले की रडर, म्हणजे शेपटीचे उभे सुकाणू, एका बाजूस, दोनदा दाबले की दुसऱ्या बाजूस, आणि मधल्या कोणत्याही अंशाची मुभा नाही. त्याच सुमारास हॉलिवूडचा नट रेजिनाल्ड डेनी याने छोट्या विमानांच्या आपल्या छंदातून लष्करासाठी रेडिओचलित लक्ष्यविमाने बांधण्याचा कारखाना उभारला, आणि महायुद्धाच्या काळात तोफखान्याच्या सरावासाठी अशी विमाने हजारोंनी तयार झाली. परंतु ती पाडण्यासाठीच बांधलेली असल्यामुळे त्यांच्या पतनाचे मोल सरकारी खजिना भरीत असे. हौशी माणसाला असा खजिना नव्हता.

हौशी माणसाचे विमान बाल्साचे असे. इक्वेडोरच्या अरण्यांतून येणारे हे लाकूड हलकेपणा आणि ताठपणा यांचा असा दुर्मीळ संयोग आहे की, त्याच्या तोडीचा पदार्थ नंतरच्या काळातही सहजी सापडला नाही. या लाकडाच्या पातळ पत्र्यांतून एकेक फासळी कापावयाची, नकाशावर टाचण्या रोवून सांगाडा जुळवावयाचा, वर पातळ कागद अथवा रेशीम ताणून त्यावर डोप नावाच्या द्रावणाचे हात द्यावयाचे, आणि मग मिथेनॉल, नायट्रोमिथेन व एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारे ग्लो इंजिन नाकावर बसवावयाचे, अशी ती महिनोन्‌महिने चालणारी साधना होती. विसाव्या शतकाच्या साठीत बोटाच्या हालचालीच्या प्रमाणात पंखांवरील एलेरॉन, शेपटीवरील आडवा एलिव्हेटर आणि रडर यांना हलविणारी प्रपोर्शनल यंत्रणा रूढ होऊ लागली, आणि कसरतीला खरी भाषा प्राप्त झाली. 1960 साली स्वित्झर्लंडमध्ये ड्यूबेनडॉर्फ येथे रेडिओचलित कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि ‘ओरायन’ हे विमान घेऊन आलेला अमेरिकेचा एड कॅझमिर्स्की तीत अजिंक्य ठरला. पुढे ऑस्ट्रियाच्या हानो प्रेटनरने हे जागतिक अजिंक्यपद सात वेळा मिळवून या कलेची मर्यादा किती उंच नेता येते ते दाखविले.

परंतु त्या युगाचे शील लक्षात घेण्याजोगे आहे. ती उड्डाणे उंच, विस्तीर्ण, घोटलेली आणि भव्य असत; जमिनीच्या जवळ जाऊन काही अपूर्व करून पाहण्याची ऊर्मी ज्याच्या मनात उठे, त्याच्या डोळ्यांपुढे आपल्या विमानात खर्ची पडलेला सगळा हिवाळा उभा राही. निष्णातांची गोष्ट सोडली तर सामान्य शिकाऊ माणूस पडण्याच्या भीतीने कमी उडे, आणि कमी उडाल्यामुळेच पुन्हा पडे. कौशल्य वाढण्यास सराव हवा, सरावास पडझड सोसण्याची ऐपत हवी, आणि ती ऐपत बाल्सा देत नव्हता.

ज्या पदार्थाने ही कोंडी फोडली तो प्रथम पंखाच्या पोटात लपून आला. 1949 च्या सुमारास जर्मनीत बीएएसएफ या कंपनीतील रसायनज्ञ फ्रिट्झ श्टास्टनी यांच्या प्रयोगांतून फुगविलेले पॉलिस्टायरीन सिद्ध झाले, जे आपण थर्मोकोल म्हणून ओळखतो. त्याच्या आकारमानात सुमारे शेकडा 98 भाग हवाच असते. छोट्या विमानांच्या कारागिरांनी या ठोकळ्यांतून पंखाचा गाभा कापून वर बाल्साचा पातळ पत्रा चिकटविण्याची रीत पाडली. दोन टोकांस पंखाच्या छेदाचे साचे लावावयाचे आणि विजेने तापविलेली नाइक्रोमची तार त्या साच्यांवरून एकसारख्या गतीने ओढावयाची, ही ती रीत. महाराष्ट्रात पूर्वी थर्मोकोलातून गणेशोत्सवाची मखरे कोरणाऱ्या कारागिरांना हीच तापलेली तार ठाऊक आहे, आणि हात थबकला की तेथे खड्डा पडतो हा त्यांचा अनुभव पंख कापणाऱ्याच्या अनुभवाहून तिळमात्र निराळा नाही. तथापि उघड्या फोमला प्रतिष्ठा नव्हती. तो दबे, त्यावर रंग धड बसत नसे, आणि द्रावकयुक्त गोंद अथवा रंग लागला की तो विरघळून जाई. फोमचे विमान म्हणजे लहान मुलांचे खेळणे, असा समज जाणत्या मंडळींत दीर्घकाळ टिकून होता.

त्या समजाचा पाया ढासळला तो विजेमुळे. विजेवर उडण्याचे प्रयत्न जुने होते: 1957 साली इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे विमान विजेच्या मोटरीवर उडविले, आणि जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांनी हाच ध्यास आयुष्यभर धरला, पण निकेल-कॅडमियमच्या प्रत्येक घटातून जेमतेम 1.2 व्होल्ट दाब मिळे आणि वजन मात्र भरपूर पडे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी 3.7 व्होल्टचा हलका लिथियम-पॉलिमर घट हौशी लोकांच्या हाती आला, आणि त्याच सुमारास टाकून दिलेल्या सीडी-ड्राइव्हमधील मोटरी उघडून, त्यांवर नवी तार गुंडाळून व जोरदार चुंबके बसवून, काही उद्योगी माणसांनी घरच्या घरी ब्रशलेस मोटरी तयार केल्या. या दोहोंच्या मिलाफाने अशी शक्ती उपलब्ध झाली की विमानाच्या वजनाहून पंख्याचा खेच अधिक भरू लागला.

मग त्या शक्तीला साजेसे हलके शरीर शोधण्याची पाळी आली, आणि ते युरोपातील बांधकामाच्या दुकानांत सापडले. फरशीखाली व भिंतीच्या कागदामागे उष्णतारोधक म्हणून घालावयाचे डेप्रॉन नावाचे 3 आणि 6 मिलिमीटर जाडीचे फोमचे तक्ते जर्मनीतील हौशी मंडळींनी विमानाच्या आकृतीत कापले, दोन तक्ते एकमेकांत काटकोनात बसवून धड केले, पंखही सपाटच ठेवला, कार्बनच्या बारीक कांड्यांनी सगळे ताणून धरले, आणि त्यातून ‘शॉकफ्लायर’ या नावाने ओळखली जाणारी जात जन्मास आली. शास्त्रशुद्ध फुगीर छेदाचा पंख ज्यांना पवित्र वाटत होता त्यांना ही सपाट पाटी म्हणजे अधर्म वाटला असल्यास नवल नाही. परंतु मंद गतीच्या आणि विपुल शक्तीच्या विमानाला सपाट पंख सुलट्याइतकाच उलटाही चालतो, आणि कसरतीला हेच हवे असते.

बांधणीतही सगळा विवेक वजनाचाच असतो. कडा 45 अंशांत तिरप्या तासून, वर टेप लावून बिजागरी करावयाची. एलेरॉन, एलिव्हेटर व रडर ऐसपैस रुंद ठेवून ते 45 अंशांपर्यंत अथवा त्याहूनही अधिक वळतील अशी तजवीज करावयाची. त्यांना हलविणाऱ्या काही ग्रॅमच्या सर्वोमोटरी गुरुत्वमध्य पाहून बसवावयाच्या. असे विमान नाक वर करून पंख्याच्या आधाराने जागच्या जागी लटकते, कारण त्याची गती शून्य असली तरी पंख्याचा झोत शेपटीवरून वाहत असल्यामुळे रडर व एलिव्हेटर यांचा अंमल कायम राहतो. आणि मोटरीच्या प्रतिक्रियेने ते लटकल्या अवस्थेतच स्वतःभोवती फिरू लागते, यालाच टॉर्क रोल म्हणतात. ही कसरत आता व्यायामशाळेच्या छपराखालीही करता येऊ लागली, आणि 2013 साली जर्मनीतील कोबुर्ग येथे बंदिस्त जागेतील कसरतींची जागतिक स्पर्धा भरून, खेळणे म्हणून हिणविलेल्या फोमला सन्मानाचे आसन मिळाले.

डेप्रॉन हलका खरा, पण ठिसूळ. त्याची उणीव ईपीपी, म्हणजे फुगविलेल्या पॉलिप्रोपिलीनने भरून काढली. मोटारींच्या बंपरमध्ये आघात जिरविण्यासाठी वापरला जाणारा हा फोम वाकतो, दबतो आणि पुन्हा मूळ आकारावर येतो. नाक चेपले तर उकळत्या पाण्याची वाफ दिली असता त्याचे मणी पुन्हा फुगतात. येथून दुरुस्ती ही एक स्वतंत्र विद्या झाली. थर्मोकोल आणि डेप्रॉन यांना साधा झटपट चिकटणारा सायनो गोंद खाऊन टाकतो, तर ईपीपीला तो चालतो. कुठे इपॉक्सी लावावा, कुठे बांबूची काडी आत खुपसून तुटलेल्या अंगास आधार द्यावा, कुठे धागेदार टेप पुरेल, हे हाताला कळावे लागते. पंखा घट्ट न आवळता रबरी कडीने बांधण्याची युक्तीही याच अनुभवातून आली, जेणेकरून आघात होताच तो निसटतो व मोटरीचा दांडा वाचतो. चिकटविल्यानंतर पंखाला पीळ तर राहिला नाही ना, गोंदाच्या वजनाने गुरुत्वमध्य मागे तर सरकला नाही ना, सर्वोचे दाते शाबूत आहेत ना, हे जो तपासतो, तो विमानाची रचना पुस्तकात वाचणाऱ्यापेक्षा खोल समजतो; फुगलेली लिथियम बॅटरी मात्र दुरुस्तीच्या कक्षेत येत नाही, ती निकालातच काढली पाहिजे.

आपल्याकडे या कलेपुढे खर्चाखेरीज दफ्तराचाही अडथळा होता. 1933 च्या बिनतारी कायद्यान्वये परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही अपराध होता. 2005 च्या जानेवारीत केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यातून मोकळीक दिली, आणि योगायोगाने त्याच साली परदेशात छोट्या विमानांचे ट्रान्समीटर या पट्ट्यावर येऊ लागले. एकाच लहरीवर दोघांनी बटण दाबल्यामुळे विमाने कोसळण्याचा जुना धोकाही त्यामुळे ओसरला. 2021 च्या ड्रोन नियमांनी छंदाच्या व शिक्षणाच्या छोट्या विमानांची स्वतंत्र दखल घेतली आहे, आणि कोणत्या हद्दीत उडवावे हे हिरव्या, पिवळ्या व तांबड्या विभागांच्या नकाशावर पाहूनच मैदानात जाणे हे आता प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

आणखी एक कर्तव्य आहे, आणि ते मला अधिक निकडीचे वाटते. मार्च 2018 च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने थर्मोकोलची एकदाच वापरून फेकावयाची भांडी व सजावटीचे सामान बंद केले, ते योग्यच केले, कारण हा पदार्थ मातीत मिसळत नाही. ज्या फोमने पतन स्वस्त केले तोच फोम स्वस्ताईच्या जोरावर उकिरड्यात जाऊ लागला, तर या कलेच्या हाती दूषणाखेरीज काही उरणार नाही. मोडलेले विमान टाकून नवे आणणारा माणूस केवळ पैसे खर्च करतो. तेच विमान पुन्हा पुन्हा सांधून उडविणारा माणूस विद्या मिळवितो, आणि फोमचे खरे दान हेच आहे. नॅशनल कॅडेट कोअरच्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग शिकविले जाते, आणि आपल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतही विमाने बांधणारी मुले आहेत. त्यांच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की, नव्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी नवे विमान न देता एक मोडके विमान, गोंद आणि बांबूच्या काड्या द्याव्यात, आणि ते त्याने स्वतः सांधून उडविल्यावरच त्याला कसरतीचा पहिला पाठ द्यावा.