पत्रावळ उचलणारा हात

वऱ्हाडातल्या जुन्या पंगतींचं कौतुक निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: तेव्हा कचरा होतच नव्हता. त्यात तथ्य आहे. पळसाची पानं काडीने टाचून पत्रावळी आणि द्रोण व्हायचे. त्यावर वांग्याची भाजी, वरण आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे पडायचे. पंगत उठली की पत्रावळी उकिरड्यावर जात. उरलंसुरलं गुरं-शेळ्या खात, पान कुजून शेतात खत म्हणून पसरे, आराच्या राखेने भांडी घासली जात. थर्माकोलच्या ताटापेक्षा ही रीत कितीतरी शहाणी होती. पण पत्रावळ पंगतीतून उकिरड्यावर आपल्या पायांनी जात नव्हती. ती कोणीतरी उचलत होतं, आणि स्वच्छतेचं सगळं श्रेय पळसाला देताना आपण नेमकं त्यालाच विसरतो.

हे काम घरात बायकांच्या वाट्याला येई. गावजेवणात ते खालच्या मानलेल्या जातींकडे जाई आणि मोबदला म्हणून अनेकदा उष्टंच पदरात पडे. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना उष्टं सोडायला सांगितलं, ते याच व्यवहाराला उद्देशून. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अमरावतीत परिषद भरली, तिचे अध्यक्षही तेच होते. ज्यांनी देवीच्या नावाच्या जेवणावळींचं उष्टं काढावं असं गावाला वाटे, त्यांना देवीच्या दारात मज्जाव होता. म्हणून जुनी पंगत स्वच्छ होती असं म्हणताना ती कोणाच्या अपमानावर स्वच्छ होती, हेही सांगायला हवं.

हा गुंता वऱ्हाडातच एका माणसाने सोडवायला घेतला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुरे इथे मामाकडे वाढलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. १९०५ साली त्यांनी घर सोडलं. गावात शिरताच ते आधी खराटा हातात घेत आणि संध्याकाळी कीर्तनात मनातली घाण काढत. पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या जत्रेत त्यांनी वर्षानुवर्षं सेवा केली. अन्नदानावर त्यांचा मोठा भर, स्वतः मात्र गाडग्यात भाकरी घेऊन बाजूला बसत. लोक ज्याच्या पाया पडायला धावत, त्याच्याच हातात झाडू दिसे. घाण काढणं हे जातीचं काम, या समजुतीवर याहून मोठा घाव व्याख्यानाने घालता आला नसता.

एका संताच्या खराट्याने काय होतं, ते प्रतीकच राहिलं, असा आक्षेप घेतला जातो. पण शेगावच्या मंदिरात गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीने येतात, बिनपगारी झाडलोट करतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. गर्दी मोठी असली की अस्वच्छता आलीच, हे म्हणणं तिथे खोटं ठरतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता केटरर पैसे घेतो, मग उष्टं उचलणं त्याचंच काम. पण बहुतेक ठिकाणी त्याचा हिशोब लॉनच्या फाटकाशी संपतो. पुढे भात, प्लास्टिकचे ग्लास आणि वाट्या एकाच पोत्यात कोंबून अमरावतीत सुकळीच्या, अकोल्यात नायगावच्या कचरा डेपोकडे निघतात, आणि त्यात हात घालावा लागतो तो सफाई कामगाराला. काम पैशाने विकत घेतलं, तरी त्यातली हीनता जुन्याच माणसांच्या माथी राहिली.

कायदाही अर्ध्यावरच थांबतो. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी शंभरांहून जास्त माणसांच्या कार्यक्रमात कचरा जागच्या जागी वेगळा करण्याची जबाबदारी आयोजकावर टाकली. दोन्ही चांगलं झालं. पण ताट बदलणं सोपं आहे, उचलणाऱ्याची पत बदलणं अवघड. पळसाच्या पत्रावळी परत आणल्या आणि उष्टं पुन्हा त्याच हातांवर सोडलं, तर आपण जुनी पंगत तिच्या दोषासकट परत आणली असं होईल. लग्नाआधी केटररशी ताटाचा दर ठरवाल, तेव्हा त्याच बैठकीत उष्टं कोण उचलणार, त्याला मजुरी आणि हातमोजे कोण देणार, ओला कचरा कुठे जाणार, हेही लिहून घ्या. आणि पंगत उठल्यावर आपली पत्रावळ आपणच उचला, पाहुणे असलात तरी.