उभ्या पडद्याचे गणित
संगणकाचा पडदा आडवाच असावयाचा, हा समज आज इतका रूढ आहे की, १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात सिद्ध झालेल्या ‘आल्टो’ यंत्राचा पडदा ६०६ ठिपके रुंद व ८०८ ठिपके उंच, म्हणजे दप्तरातल्या कागदासारखा उभा होता, हे सांगूनही खरे वाटत नाही. जिचा सारा व्यापार कागदाच्या नकलांवर चाले, त्या कंपनीने पडद्यासही कागदाचाच घाट द्यावा, हे स्वाभाविकच होते.

पुढे १९८४ च्या मॅकिंटॉशने मुद्रकांच्या पॉइंटास अनुसरून इंचास ७२ ठिपके धरले, विंडोजने ९६. आणि या फर्मानांचा अंमल असा निर्वेध चालला की, आज्ञावली लिहिणारे इंचाचा हिशेब सोडून नुसते ठिपकेच मोजू लागले. या सवयीची झडती २००१ मध्ये झाली. आयबीएमच्या टी-२२१ या २२ इंची पडद्यावर इंचास सुमारे २०४ ठिपके होते, आणि नेहमीची अक्षरे त्यावर निम्म्याहूनही लहान उमटत.

पडदा फिरविण्याची तजवीज मात्र निराळ्याच खात्यात झाली. लिनक्ससारख्या व्यवस्थांत पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या एक्स विंडो प्रणालीसाठी जिम गेटिस व कीथ पॅकार्ड यांनी रचलेल्या ‘रँडआर’ने चित्र काटकोनात वळविता येऊ लागले, अक्षरांच्या मापाशी त्याला कर्तव्य नव्हते. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले क्लिअरटाइप हे अक्षरे रेखण्याचे तंत्र तर लाल, हिरवे व निळे उपठिपके शेजारी-शेजारी असतात, याच गृहीतावर उभे. पडदा वळविताच ते एकावर एक येतात, आणि ही वर्दी अक्षर रेखणाऱ्या आज्ञावलीस न पोचल्यास कडांना रंगीत झालर चढते.

विंडोजने २०१३ मध्ये, ८.१ या आवृत्तीत, प्रत्येक पडद्यास अक्षरे-चित्रे वाढविण्याचे स्वतंत्र प्रमाण दिले. तरी ३८४० बाय २१६० चा पडदा उभा केल्यावर पेच उरतोच. दुप्पट प्रमाणात रुंदी अवघी १०८० उरते, म्हणून लोक दीडपट निवडतात. तेव्हा मॅक व लिनक्समधील काही व्यवस्था चित्र आधी २८८० बाय ५१२० असे दुप्पट रेखून मग पाऊणपट आकसतात. या आकसण्यात दोन ठिपके जाडीची शिरोरेखा दीड ठिपक्याची होते, आणि उरलेला अर्धा ठिपका शेजारच्या ओळीत करडा होऊन पसरतो. रोमन लिपीस हा जाच कमी. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दावर तो दिसतो. एक्सला पर्याय म्हणून आलेल्या वेलँडमध्ये २०२२ साली आलेल्या अपूर्णांकी प्रमाणाच्या संकेतानुसार आज्ञावली आता थेट दीडपटीत अक्षर रेखू शकते. जुन्या आज्ञावल्यांचा कारभार मात्र अद्याप ताणण्या-आकसण्यावरच चालतो.