एकटीने परदेशी शहरात जाताय? निघण्यापूर्वी हे ठरवून ठेवा

२४ फेब्रुवारी १८८३. बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात १७ वर्षांच्या आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या. डॉक्टर होण्यासाठी त्या अमेरिकेला निघाल्या होत्या आणि नवरा सोबत येणार नव्हता. लोक जे प्रश्न विचारत होते, त्यांची त्यांनी एकेक करून उत्तरं दिली. त्यातले दोन प्रश्न आजही ओळखीचे वाटतील. एकटी का जातेस? आणि तिकडे काही बरंवाईट झालं तर काय करशील?

आज फलटण, सातारा किंवा सांगलीतली मुलगी शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा नुसतं फिरायला एकटी निघाली, तरी घरात हेच दोन प्रश्न येतात. पहिल्याचं उत्तर जिचं तिने द्यायचं. दुसऱ्याचं उत्तर मात्र निघण्यापूर्वीच तयार ठेवता येतं.

पहिली रात्र आधी ठरवा

आनंदीबाई जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा थिओडिसिया कार्पेंटर त्यांना न्यायला आल्या होत्या. दोघींचा बराच काळ पत्रव्यवहार होता. परक्या शहरात पाऊल टाकताना कुठे जायचं आणि कुणाकडे जायचं, हे पक्कं होतं.

आजही सगळ्यात नाजूक वेळ हीच असते. प्रवासाचा शीण, हातात सामान, फोनला नेटवर्क नाही आणि रस्ते अनोळखी. म्हणून:

- विमान शक्यतो दिवसाउजेडी पोहोचेल असं बघा. तिकीट थोडं महाग पडलं तरी चालेल.
- पहिल्या दोन रात्रींची खोली घरूनच बुक करा. रिसेप्शन रात्रभर सुरू असतं का, हे विचारून घ्या. तिथे राहिलेल्या बायकांनी लिहिलेले अभिप्राय वाचा.
- पत्ता इंग्रजीत आणि तिथल्या लिपीत कागदावर लिहून ठेवा. फोन बंद पडला तरी कागद दाखवता येतो.
- शहराचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा.
- विमानतळाबाहेर ‘टॅक्सी, मॅडम?’ म्हणत मागे लागणाऱ्यांना नकार द्या. अधिकृत रांगेतली किंवा ॲपवरची गाडी घ्या आणि बसण्यापूर्वी नंबर जुळवून बघा.

सगळं एकाच पर्समध्ये नको

पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या प्रती तीन ठिकाणी असाव्यात: मोठ्या बॅगेत, ईमेलवर आणि घरी. दोन बँक कार्डं असतील तर ती वेगवेगळ्या जागी ठेवा. थोडी रोकड अंगावर वेगळी असू द्या. पर्स गेली तरी खोलीपर्यंत परत येता आलं पाहिजे.

पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार द्या आणि मग भारतीय दूतावास गाठा. घाईने परतायचं असेल तर दूतावास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो. त्यावर भारतात येता येतं. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टलही आहे. परदेशातले भारतीय त्यावर तक्रार नोंदवू शकतात.

आरोग्य विमा टाळू नका. अमेरिकेत आनंदीबाईंच्या जिवावर बेतलं ते आजारपण. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पण क्षयाने खंगून परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. औषधं नेताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांवर जपान आणि संयुक्त अरब अमिरातीत कडक निर्बंध आहेत.

खोलीत

चेक-इन करताना खोलीचा नंबर कुणी मोठ्याने सांगितला, तर सरळ दुसरी खोली मागा. ‘हॉटेलमधून आलोय’ म्हणून कुणी दार वाजवलं, तर उघडण्यापूर्वी रिसेप्शनला फोन करून खात्री करा. दाराखाली लावायची रबरी पाचर स्वस्त असते आणि बॅगेत सहज मावते. आग लागली तर बाहेर पडायचा जिना कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा. त्या खोलीत असेपर्यंत लोकेशनसह फोटो सोशल मीडियावर टाकू नका. शहर सोडल्यावर टाकले तरी लाइक्स तेवढेच येतील.

रस्त्यावर

कुणी पाठलाग करतंय असं वाटलं तर खोलीकडे जाऊ नका. उजेडाच्या दुकानात, हॉटेलात किंवा औषधांच्या दुकानात शिरा आणि तिथल्या माणसाला स्पष्ट सांगा. उगाच ओरडलो तर लोक काय म्हणतील, हा विचार त्या वेळी सोडून द्या. एखादा माणूस साध्या वेशात ‘मी पोलीस’ म्हणत पाकीट किंवा पासपोर्ट मागू लागला, तर चौकीत जाऊन दाखवते म्हणा. आपला ग्लास नजरेआड झाला असेल, तर त्यातलं पेय पिऊ नका.

मुंबई लोकलसारखे बायकांचे राखीव डबे दुबई आणि कैरोच्या मेट्रोत आहेत. टोकियोतही गर्दीच्या वेळी अनेक मार्गांवर असतात.

तातडीचे नंबर पाठ करा:

- युरोपीय संघातले देश: ११२
- ब्रिटन: ९९९
- अमेरिका, कॅनडा: ९११
- ऑस्ट्रेलिया: ०००
- दुबई, अबुधाबी: पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८
- सिंगापूर: पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५
- जपान: पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९
- थायलंड: पोलीस १९१, पर्यटक पोलीस ११५५

परकं शहर ओळखीचं कसं होतं?

याचं उदाहरण फलटणमध्येच आहे. मॅक्सीन बर्नसन १९६० च्या दशकात अमेरिकेतून फलटणला आल्या. त्यांच्यासाठी हेच परकं गाव होतं. इथल्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास हाच त्यांच्या पीएचडीचा विषय. त्या मराठी बोलू लागल्या, इथेच राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. शाळा ज्यांच्या नावाची आहे, त्या कमलाबाईही मूळच्या अमेरिकेच्या. १९३० मध्ये त्या भारतात आल्या होत्या.

चार दिवसांसाठी जाणारीला एवढं जमणार नाही. पण नमस्कार, धन्यवाद, नको, मदत करा, पोलीस, दवाखाना असे दहा शब्द तिथल्या भाषेत नक्की शिकता येतात. रोज एकाच दुकानातून दूध किंवा ब्रेड घेतला, तर तिसऱ्या दिवशी दुकानदार चेहरा ओळखतो. एखाद्या दिवशी आपण दिसलो नाही, तर हे त्याच्या लक्षात येऊ शकतं. जास्त दिवस राहायचं असेल तर तिथलं महाराष्ट्र मंडळ शोधा. लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे.

घरच्यांनी काय करायचं?

रोज एक वेळ ठरवा. बर्लिनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा म्हणजे फलटणला रात्रीचे दहा. त्या वेळी ‘पोचले, ठीक आहे’ एवढा मेसेज पुरे. मेसेज आला नाही तर किती तास थांबायचं, मग हॉटेलला फोन कुणी करायचा आणि दूतावासाला कुणी, हे आधीच लिहून ठेवा. एक साधा शब्दही ठरवा. फोनवर तिने तो उच्चारला, की ती अडचणीत आहे पण उघड बोलू शकत नाही, असं समजायचं.

आणि एक वचन द्या: काहीही झालं तरी ‘तरी सांगत होतो’ हे वाक्य कुणी म्हणणार नाही. ओरडा बसेल, परत बोलावून घेतील या भीतीने अनेक मुली पहिला वाईट प्रसंग घरी सांगतच नाहीत. मग दुसऱ्या वेळी ती खरोखर एकटी असते.

काही झालंच तर

आधी सुरक्षित जागा, मग तातडीचा नंबर, मग दवाखाना. लैंगिक अत्याचार झाला असेल तर शक्यतो अंघोळ करू नका आणि कपडे धुऊ नका, ते पुरावा असतात. एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. गर्भधारणा टाळण्याच्या तातडीच्या गोळीचंही तसंच, उशिरात उशिरा पाच दिवसांत. पोलिसांत तक्रार द्यायची की नाही हे अजून ठरलं नसेल, तरी उपचारांसाठी थांबू नका.

काही देशांत लग्नाबाहेरच्या संबंधांबाबत कायदे कडक आहेत आणि तक्रार करणारीलाच त्रास होऊ शकतो. तिथे भारतीय दूतावासाशी लगेच बोला. दूतावास वकिलांची यादी देतो आणि घरी कळवतो. तिथल्या कोर्टाचा निकाल मात्र तो बदलू शकत नाही.

दूतावासाचा नंबर, विम्याचा नंबर, हॉटेलचा पत्ता आणि घरचे दोन फोन एका कागदावर लिहा. त्याची एक प्रत तिच्या खिशात असू द्या, दुसरी घरी फ्रिजवर लावा.