एक जीबीचा सर्व्हर आणि विकत घेतलेला खेळ

पोस्ट थोडी मोठी आहे. गेमिंगशी संबंध नसलेल्यांनीही वाचा, कारण प्रश्न खेळापेक्षा मालकीचा आहे.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, आमचा सर्व्हर दर अर्ध्या तासाने मरतोय." पाच मित्रांनी वर्गणी काढून एक जीबी मेमरीचा, सगळ्यात स्वस्तातला व्हीपीएस घेतला होता आणि त्यावर माइनक्राफ्टची जुनी १.१२ आवृत्ती चालवत होते. व्हीपीएस म्हणजे डेटा सेंटरमधल्या मोठ्या मशीनचा भाड्याने घेतलेला तुकडा. वाड्यातली एक खोली म्हणा ना. सर्व्हर सुरू करायची कमांड पोरांनी जशीच्या तशी उतरवलेली, त्यात जावाला १०२४ एमबी दिलेले. अरे, मशीनमध्येच एक जीबी! त्या १०२४ मध्ये फक्त खेळातल्या वस्तू राहतात. जावाचा स्वतःचा कोड, थ्रेड, गार्बेज कलेक्टर यांना वरून वेगळी मेमरी लागते, आणि लिनक्सलाही थोडी हवीच. मेमरी संपली की लिनक्सचा ओओएम किलर बहुधा सगळ्यात जास्त खाणारी प्रोसेस उचलून मारतो. लॉगमध्ये एक ओळ, बाकी शांतता.

हे सगळं त्याला समजावताना जाणवलं की या पोरांना सर्व्हर स्वतः चालवता येतो, हीच मुळात एका जुन्या निर्णयाची देणगी आहे.

१९९३च्या डूममध्ये सर्व्हर नव्हता. प्रत्येक कॉम्प्युटर बाकीच्यांशी थेट बोलायचा, जास्तीत जास्त चार खेळाडू. १९९६मध्ये त्याच आयडी सॉफ्टवेअरने क्वेक आणला आणि रचना बदलली : खेळाचं जग एकाच प्रोग्रॅममध्ये, बाकीचे त्याला जोडलेले. आणि तो सर्व्हर प्रोग्रॅम कंपनीने लोकांच्या हातात दिला. त्याला चित्रं दाखवायची नसतात, त्यामुळे तो कमी मेमरीत भागवतो. अख्ख्या क्वेकलाच डॉसवर किमान ८ एमबी पुरायचे. १९९९च्या डिसेंबरात त्याचा सोर्स कोडही जीपीएलखाली खुला झाला. काउंटर-स्ट्राइकचंही तेच. आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून तो खेळला, तो कॅफेतल्याच एका पीसीवर चालायचा. कंपनी कुठे आहे याची कोणाला पडलेली नव्हती.

पुढे भाड्याचे सर्व्हर स्वस्त झाले, पण स्वस्ताईला भानगडी होत्या. ओपनव्हीझेड या पद्धतीत सगळे भाडेकरू एकच कर्नल वापरायचे, आणि होस्टिंगवाले एकच मेमरी अनेकांना विकायचे. एसटीत उभे प्रवासी घेतात तसं. त्यात जावा पडलं हावरट : लागो न लागो, आधीच मोठी जागा राखून मागतं. ओपनव्हीझेडच्या जुन्या हिशेबात वापरलेली नाही, तर मागितलेली मेमरी मोजली जायची. मग जागा राखता येत नाही अशी एरर देऊन सर्व्हर सुरूच व्हायचा नाही. २०१३च्या सुमारास डिजिटलओशनने महिन्याला ५ डॉलरला ५१२ एमबीचं मशीन आणलं, खरोखर वेगळं केलेलं, आणि विद्यार्थ्यांची चंगळ झाली. आपल्याकडे २०१६मध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत आणि डिजिटलओशनने बंगळुरूत सेंटर सुरू केलं. त्याआधी बहुतेकदा सिंगापूर गाठावं लागायचं.

माइनक्राफ्टचा सर्व्हर मोजांगने पहिल्यापासून फुकट डाउनलोडला ठेवलाय. तो हलका करायचं काम मात्र बरंचसं बाहेरच्यांनी केलं : आधी बकिट, मग स्पिगॉट, मग पेपर. सर्व्हरला सेकंदाला २० वेळा सगळ्या जगाचा हिशेब करायचा असतो, म्हणजे प्रत्येक फेरीला ५० मिलिसेकंद. नेहमीचं दृष्टीअंतर १० असेल तर एका खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक मेमरीत राहतात. ते ५ केलं की १२१. एका आकड्यात पाऊण भार कमी! स्वॅप लावून मेमरी वाढवल्यासारखं वाटतं, पण गार्बेज कलेक्टर सगळी मेमरी चाळत फिरतो, तो डिस्कवर गेला की ५० मिलिसेकंदांचं गणित संपलं.

(याची काळी बाजूही आहे. २०१६चा मिराई बॉटनेट बनवणारे तिघे तरुण माइनक्राफ्ट सर्व्हरांच्या धंद्यातल्या मारामारीतूनच तिथवर पोचले. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

आता दुसरी बाजू. २००९मध्ये कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २ने पीसीवर डेडिकेटेड सर्व्हर द्यायला नकार दिला. लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, उपयोग शून्य. ३१ मे २०१४ला गेमस्पाय बंद पडलं आणि अनेक खेळांची सर्व्हर शोधायची सोयच गेली. ३१ मार्च २०२४ला युबिसॉफ्टने द क्रू बंद केला. पैसे मोजून घेतलेला खेळ, आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा चालेना, कारण सर्व्हर फक्त कंपनीकडे. तुम्ही ६४ जीबीचं मशीन आणा, त्यावर चालवणार काय?

यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली. मागणी एवढीच की बंद करताना खेळ चालू राहील अशी काहीतरी सोय ठेवून जा. युरोपीय नागरिक उपक्रमाच्या अर्जाने जुलै २०२५मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कंपन्या म्हणतात, आजचा सर्व्हर म्हणजे एक फाइल नाही, डझनभर सेवा आणि दुसऱ्यांचे परवाने असलेला कोड त्यात असतो. हे खोटं नाही. पण क्वेकवाल्यांनी खेळ बांधतानाच सर्व्हर वेगळा काढला होता ना? बांधतानाच ठरवलं तर जमतं, शेवटच्या दिवशी नाही. आपल्याकडच्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं आहेत. मग विकलेला खेळ दुरून बंद केला तर ग्राहकाचं काय, हे इथे कोणी विचारायचं? वकील मंडळींनी कमेंटमध्ये जरूर लिहावं.

भाच्याच्या सर्व्हरला जावासाठी ६०० एमबी ठेवले, पेपर टाकला, दृष्टीअंतर ५ केलं. तीन आठवडे झाले, एकदाही पडलेला नाही. जगाचा फोल्डर दर रविवारी तो घरच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो.