सम आणि टाळी

अफझलगंजच्या सेंट्रल लायब्ररीमागे आमचे जुने घर. वडील संध्याकाळी लायब्ररीत वर्तमानपत्रे चाळीत आणि कोठे गाणे असले की मला बोटाला धरून नेत. बैठकीत ते अगदी गप्प. पण गवई वळणे घेत नेमका समेवर आला, की मान झुकवून हळूच म्हणत, "क्या बात है!" घरात आम्ही मराठी, दाद मात्र उर्दूत. या शहरातल्या मुशायऱ्यांचाच तो संस्कार असावा.

ही दाद मूळची छोट्या मैफलीची. पंडित जसराजांचे वडील मोतीराम निजाम उस्मान अलींच्या दरबारी गवई म्हणून नेमले जायचे होते. पण १९३४ साली ते येथेच वारले. अशा दरबारी मैफलीत ऐकणारे मोजकेच. मान हलली तरी गाणाऱ्याला दिसे. अर्थात तेथे सारे सोवळे होते असे नव्हे! पानाचे तबक फिरे, गप्पा चालत, बडी मंडळी मन मानेल तेव्हा येत. तिकीट लावून, शिस्तीने गाणे ऐकवण्याची रीत विष्णु दिगंबर पलुसकरांसारख्यांनी रुजवली, ती गाणाऱ्याची मान उंच व्हावी म्हणून. हिराबाई बडोदेकर कुटुंबवत्सल श्रोत्यांसमोर सन्मानाने गाऊ शकल्या, यात या शिस्तीचा वाटा मोठा.

पण सभागृह वाढले, ध्वनिक्षेपक आला, आणि तिसाव्या रांगेतली 'वाहवा' गायकापर्यंत पोचेना. पोचते ती टाळीच. पूर्वी ती शेवटी पडे. आता प्रत्येक तानेला पडते आणि तिच्या कडकडाटात पुढचा मुखडा बुडतो. त्यात हल्ली ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल.

टीका करण्याचा मला फारसा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत गायनाचा कार्यक्रम होता. मुलांना मी बजावले होते, अजिबात आवाज नको. विलंबित ख्याल रंगला आणि तिसऱ्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उद्गारले, "सुभानअल्लाह!" मी हेडमास्तरच्या सवयीने वळलो आणि ओठांवर बोट ठेवले. ते ओशाळले. पुढे गायकाने दोनदा समेवर येऊन त्या रांगेकडे पाहिले. तिकडून काहीच आले नाही.

कार्यक्रम संपल्यावर मुलांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. मी घाईने दाराशी गेलो, तोवर ते गृहस्थ निघून गेले होते.