कॅमेऱ्यामागचे वऱ्हाड

कॅमेरा घेऊ इच्छिणारा हौशी गृहस्थ दुकानाची पायरी चढतो तेव्हा त्याची सारी चौकशी कॅमेऱ्यापुरतीच असते. भिंग कोणते, बनावट जपानी की जर्मन, हमी किती वर्षांची, एवढे विचारून झाले की आपले काम संपले असे तो समजतो; आणि नवरदेव पसंत पडला म्हणजे लग्न पार पडले असे मानणाऱ्या भाबड्या वधूपित्याप्रमाणे मागाहून उतरणाऱ्या वऱ्हाडाचा हिशेब त्याच्या गावीही नसतो. मुंबईत हा शौक रुजल्याला एकशे सत्तर वर्षे होऊन गेली. या दीर्घ काळाचे दप्तर उलगडून पाहिले असता एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते, ती ही की हौशी माणसाच्या उत्साहाची खरी परीक्षा चित्र टिपताना फारशी होत नाही, ते टिपून झाल्यावर होते. आणि त्याची थैली रिकामी होते तीही बहुधा तेथेच.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ च्या ऑक्टोबरात स्थापन झाली. लंडनमधील तशाच संस्थेला त्या वेळी दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, यावरून कंपनी सरकारच्या या बंदरात नवी विद्या किती त्वरेने उतरत असे हे ध्यानी यावे. कॅप्टन हॅरी बार हे पहिले अध्यक्ष होते. पण आपल्या दृष्टीने अधिक लक्षणीय गोष्ट अशी की आरंभीच्या एतद्देशीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही नावे आढळतात. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या या वैद्यांना छायाचित्रणाचे आकर्षण वाटावे यात नवल नव्हते, कारण त्या काळचा कॅमेरा म्हणजे पुढे भिंग बसवलेली एक लाकडी पेटी, आणि उरलेला सारा व्यवहार रसायनशास्त्राचा. जखमेवर पातळ पापुद्रा धरण्यासाठी शल्यवैद्य जे कलोडियन वापरीत, तेच फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये काचेवर ओतून छायाचित्रणाच्या कामी लावले होते. तेव्हा दवाखान्याच्या फडताळात आणि छायाचित्रकाराच्या पेटीत एकाच द्रव्याची बाटली असे.

त्या पद्धतीचे कष्ट आजच्या वाचकाला अतिशयोक्तीचे वाटतील. ईथर व मद्यार्कात विरघळवलेला बंदुकी कापूस स्वच्छ काचेवर ओतावयाचा, काच चारही कोपऱ्यांकडे कलती करून त्याचा थर समसमान पसरवावयाचा, मग अंधारात ती रौप्यक्षाराच्या द्रावात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, प्रकाश द्यावयाचा आणि थर सुकण्यापूर्वी पुन्हा अंधारात नेऊन चित्र उमटवावयाचे. हा सारा विधी थोडक्या मिनिटांत आटोपला नाही तर काच फुकट जाई. इंग्लंडच्या दमट गारव्यात साधणारी ही गोष्ट वैशाखाच्या उन्हात ईथर पाहता पाहता उडून गेल्यामुळे दुप्पट कठीण होई; शिवाय रौप्यक्षाराचा थेंब बोटावर पडला की काळा डाग कित्येक दिवस निघत नसे. म्हणून शहराबाहेर चित्र घ्यावयास निघालेल्या हौशी माणसाबरोबर काळ्या कापडाचा तंबू, काचांच्या पेट्या, बाटल्या, तबके, स्वच्छ पाण्याचे बुधले आणि हे सर्व वाहणारे हमाल किंवा बैलगाडी असा लवाजमा चाले. १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचा जो संग्रह मुंबईत क्रमशः प्रसिद्ध केला, तो पाहताना या लवाजम्याची आठवण ठेवली तर त्यातील एकेका चित्राचे मोल निराळे भासते.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचे वर्ग चालत, आणि तेथे शिकलेले हरिचंद चिंतामण हे पुढे मुंबईतील पहिल्या हिंदी व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक गणले गेले. हौस आणि धंदा यांच्यामधली भिंत त्या काळी पातळ होती, आणि ती पातळ राहण्याचे कारण खर्च हेच असावे असे मला वाटते. एवढे वऱ्हाड पोसावयाचे तर एक तर घरची सुबत्ता हवी, नाही तर गिऱ्हाइकाची बिदागी.

पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या आणि तंबू सुटला. परंतु हौशी माणसाला त्या जाचातून खऱ्या अर्थाने मुक्त केले ते जॉर्ज ईस्टमन याने. १८८८ मध्ये त्याने काढलेल्या कोडॅक पेटीची किंमत पंचवीस डॉलर होती. तीत शंभर चित्रांपुरती फिल्म भरलेली असे, आणि ती संपली की पेटीच रॉचेस्टरला पाठवून दहा डॉलरांत चित्रे व नवी फिल्म मिळे. १९०० साली आलेली ब्राउनी तर एका डॉलरची. या व्यवहारातील चातुर्य असे की पेटी स्वस्त झाली, पण मागचा खर्च नाहीसा झाला नाही. तो गिऱ्हाइकाच्या घरातून कारखान्यात गेला आणि प्रत्येक फिल्मगणिक हप्त्याहप्त्याने वसूल होऊ लागला. यंत्र स्वस्तात देऊन सामग्रीवर नफा मिळवण्याचा हा रिवाज आज शाईच्या प्रिंटरांत तसाच चालू आहे. म्हणून प्रिंटर विकत घेणाऱ्याने त्याच्या किमतीकडे पाहण्यापूर्वी शाईच्या कुप्यांची किंमत विचारावी.

ज्यांना हा मार्ग पसंत नव्हता किंवा उपयोगी नव्हता त्यांनी घरच कारखाना केले, आणि याचे सर्वांत नामांकित उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके यांचे. मूळचे छायाचित्रकार असलेले फाळके १९१२ मध्ये विलायतेस जाऊन विल्यमसन कंपनीचा चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन आले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. परंतु त्याबरोबर कच्ची फिल्म, तिच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र आणि ती धुण्याची सामग्रीही आणावी लागली, हे सांगताना लोक घाईने पुढे जातात. भोके पाडणे आणि फिल्म धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके दादरच्या घरी दिवसाचा संसार आटोपल्यावर रात्री अंधारात करीत; आणि कुंडीतल्या वाटाण्याचा वेल वाढताना दाखवणारी जी छोटी फिल्म भांडवलदारांचा विश्वास मिळवण्यासाठी फाळक्यांनी प्रथम तयार केली, तिच्यामागे कॅमेऱ्याच्या कौशल्याइतकीच त्या घरातील अंधाऱ्या खोलीची शिस्त होती. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण पडली ती काही एकट्या कॅमेऱ्यासाठी नव्हे.

१९२५ मध्ये लायका आणि १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स बाजारात आल्यावर कॅमेरा हातात मावू लागला, १९३७ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि वकील, डॉक्टर, पेढीवाले अशा मंडळींत हा शौक प्रतिष्ठेचा ठरला. परंतु मध्यमवर्गीयाची अंधारी खोली म्हणजे रात्रीची मोरी. खिडकीला काळे कापड, फळीवर एन्लार्जर, तांबडा दिवा, डेव्हलपर, सौम्य आम्ल आणि हायपो यांची तीन तबके. डेव्हलपर वीस अंश उष्णतेवर ठेवावा असे बाटलीवरील सूचना सांगे आणि नळाचे पाणी उन्हाळ्यात तीसच्या पुढे जाई, म्हणून तबकाभोवती बर्फ रचावा लागे. चित्रे टिकावयाची तर हायपोचा अंश उरू नये म्हणून ती वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावी लागत, आणि मुंबईच्या चाळीत नळ वाहण्याच्या वेळा ठरलेल्या! त्या पिढीच्या पुष्कळ कौटुंबिक चित्रांवर आज जी पिवळसर झाक दिसते, तिचा दोष कागदापेक्षा या अपुऱ्या पाण्याकडेच अधिक जातो.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली, आणि १९५७ नंतर आयातीचे परवाने इतके आवळले गेले की चांगला कॅमेरा ही दुकानातून आणण्याची वस्तू न राहता परदेशातून येणाऱ्या आप्ताकडून मागवण्याची, जकात खात्याच्या अंमलदाराला समजावून आणण्याची किंवा न बोलता मिळवण्याची वस्तू झाली. सर्वसामान्यांच्या वाट्याला आला बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तयार केलेला आग्फा क्लिक तीन, ज्याला ऊन आणि ढग यांपलीकडे फारसा भेद ठाऊक नव्हता आणि एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रे निघत. या गरीब पेटीची थट्टा करण्याची टूम आहे. मला ती मान्य नाही. बारा चित्रांची मर्यादा, प्रत्येक चित्राला पडणारे पैसे आणि पाठीशी असलेला सूर्य यांनी जे शिक्षण दिले ते महागड्या यंत्रांनी क्वचित दिले असेल. रुपयात होणाऱ्या व्यापारामुळे पूर्व जर्मनीची ऑर्वो फिल्म आणि रशियाचा जडशीळ झेनिट मिळत. सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सने उटकमंडच्या थंड हवेत इंदू नावाची फिल्म काढली. फोर्टातील बोरा बाजारात जुने कॅमेरे आणि ते दुरुस्त करणारे कारागीर यांची स्वतंत्र वस्तीच होती.

जुना कॅमेरा पारखण्याची त्या काळची रीत अद्यापही उपयोगी आहे. भिंगाची तोंडे दोन्ही बाजूंनी उघडून मागून बॅटरीचा झोत टाकावा आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहावे. दिसले तर ती बुरशी समजावी आणि वस्तू परत करावी, कारण बुरशी काचेचा लेप खाते व पुसून ती खोड जात नाही. कोकणच्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात भिंगाचा हा मोठा वैरी. चामड्याची पिशवी ओल धरून ठेवते, यास्तव चार महिने कॅमेरा तीत कोंडू नये; घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, आणि निळे खडे गुलाबी झाले की ते तापवून कोरडे करावेत. हजारो रुपयांचे भिंग घेऊन हा डबा न घेणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

१९९० च्या फेब्रुवारीत नोल बंधूंचे फोटोशॉप विक्रीस आले आणि पुढल्याच वर्षी कोडॅकने निकॉनच्या देहात विद्युत्-संवेदक बसवून पहिला व्यावसायिक अंकीय कॅमेरा विकावयास काढला. त्याची हार्ड डिस्क आणि पडदा असलेली वेगळी पेटी खांद्याला अडकवावी लागे! ओल्या काचेच्या काळातला तंबू निराळ्या रूपाने पुन्हा माणसाच्या पाठीवर आला होता. २००३ मध्ये कॅननचा ३००डी एक हजार डॉलरांच्या आत मिळू लागला, तेव्हापासून अंधारी खोली हौशी माणसाच्या घरी परत आली, ती आता संगणकाच्या स्वरूपात. ईस्टमनने जो खर्च कारखान्यात नेला होता तो घरी परतला. आणि कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दिला.

म्हणूनच आजच्या गिऱ्हाइकाला जुन्याच क्रमाने सल्ला द्यावासा वाटतो. जवळच्या रकमेतील निम्म्याहून अधिक भाग कॅमेऱ्याच्या देहावर खर्चू नये. देह चार वर्षांत जुना होतो, चांगले भिंग वीस वर्षे चालते. संगणकात स्मृती सोळा गिगाबाइटपेक्षा कमी असू नये, कारण कच्च्या स्वरूपातील एकेक चित्र पंचवीस-तीस मेगाबाइटचे असते आणि अशी शेकडो चित्रे एका लग्नातून घरी येतात. प्रोसेसर किती वेगवान याची चर्चा लोक हिरिरीने करतात. पडद्याची कोणी करीत नाही. वास्तविक ज्या पडद्यावर बाजूने पाहिले की रंग बदलतात, त्यावर रंगांची दुरुस्ती करणे म्हणजे तांबड्या दिव्याऐवजी उघड्या खिडकीत चित्र धुणे होय. पाहण्याचा कोन बदलला तरी रंग स्थिर ठेवणारा आयपीएस जातीचा पडदा घ्यावा, तो खिडकीच्या समोर मांडू नये, आणि जमल्यास रंगमापक यंत्राने अधूनमधून तपासून घ्यावा.

राहता राहिला जतनाचा प्रश्न, आणि त्याबाबत अजिंठ्याचा दाखला पुरेसा बोलका आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षे तेथे राहून भित्तिचित्रांच्या रंगीत नकला केल्या. त्यांतील बहुतेक लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या असता १८६६ च्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेच काम पुन्हा हाती घेतले, आणि त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. गिल यांनी पुढे कॅमेऱ्याने घेतलेली लेण्यांची दुहेरी चित्रे मात्र, प्रती अनेक निघाल्या व ग्रंथांतून छापल्या गेल्या म्हणून, आजही पाहावयास मिळतात. सबब हौशी माणसाने चित्रांचा संग्रह दोन स्वतंत्र डिस्कवर ठेवावा आणि त्यांपैकी एक बहिणीच्या किंवा मित्राच्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी ठेवावी. दर दिवाळीस ती मागवून संगणकाला जोडावी, चित्रे उघडतात की नाही ते पाहावे, आणि वर्षभरात भर पडली असेल ती तीत उतरवून परत पाठवावी.